पन्नासावी रात्र

चिन्मयला एक रात्र कमी पडत होती.

वर्षभरात त्यानं एकाच साखळीतल्या हॉटेलांत एकोणपन्नास रात्री काढल्या होत्या. हैदराबादला एकवीस, पुण्याला चौदा, उरलेल्या चेन्नई आणि गुरगावला. गावातल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या कंपनीचे हायड्रॉलिक पंप तो देशभर विकायचा. बिल कंपनी भरायची, पॉइंट त्याच्या खात्यात जमा व्हायचे. पन्नास रात्री भरल्या की त्या हॉटेलांचं प्लॅटिनम कार्ड आणखी एक वर्ष टिकणार होतं. डिसेंबरातली हैदराबादची शेवटची फेरी तिथल्या गिऱ्हाइकानं नव्या वर्षावर ढकलली आणि गणित तिथं अडलं. आज तीस तारीख, शनिवार होता.

"इथल्याच हॉटेलात एक रात्र घेतो," पोह्यांची बशी पुढं ओढत तो म्हणाला. "हायवेलगतचं. आपल्याच साखळीतलं आहे."

'आपल्याच' हा शब्द निवेदितानं ऐकला आणि सोडून दिला.

जयाबाई पलीकडं विनोदिनीबाईंना पेज भरवत होत्या. विनोदिनीबाई म्हणजे चिन्मयच्या आई. सव्वा वर्षापूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून त्यांची देखभाल करायला जवळच्या हिंडलग्याहून जयाबाई यायच्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, रविवारी सुट्टी.

"व्हय हो साहेब, टिळकवाडीत घर असून हाटेलात?" जयाबाईंनी विचारलं. "बाईंनी भाईर काढलं काय?"

"झोपायला नाही हो. नुसतं नाव लावायचं. दोन वाजता जायचं, चावी घ्यायची आणि परत यायचं. उद्या चावी द्यायची."

"मग खोलीत कोण झोपणार?"

"कोणी नाही."

"पैसं भरून?"

"पैसे भरून."

"लई शिकल्यावर असंच व्हतंय," जयाबाई म्हणाल्या आणि विनोदिनीबाईंची हनुवटी पुसली.

"मी झोपते तिथं," निवेदिता म्हणाली.

तिनं हे आधी ठरवलं नव्हतं. सव्वा वर्षात तिला सलग तीन तासांच्या वर झोप मिळाली नव्हती, एवढंच खरं होतं. रात्री साडेबाराला आईंची कूस बदलायची, तीनला कपडे बदलायचे, पाचला पाणी पाजायचं आणि दहाला कॉलेजात बी.कॉम.च्या मुलांना घसारा शिकवायचा. गेल्या महिन्यात फळ्यावर लिहिता लिहिता तिचा डोळा लागला होता. मुलं हसली नाहीत. त्याचंच तिला वाईट वाटलं होतं.

"एकटी?" चिन्मय म्हणाला. "गावातल्या गावात? कोणी बघितलं तर?"

"काय बघतील?"

"भांडून निघाली म्हणतील."

"म्हणू देत." गॅसचा सिलिंडर मागवायला हवा असं सांगावं, तशा आवाजात ती बोलली. "खोली रिकामीच राहणार आहे ना?"

"आणि आई?"

"तू आहेस की."

चिन्मयनं पोहे संपवले. आठवड्यातले चार दिवस तो बाहेर असायचा आणि शनिवार-रविवार थकलेला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला कोणी विचारलंच नव्हतं, इतकंच. निवेदितानंही नाही.

दोनच्या सुमाराला ते दोघं हॉटेलच्या काउंटरवर उभे होते. पलीकडच्या कोटातल्या तरुणानं आधार कार्डं घेतली, पत्ता वाचला आणि वर बघितलं.

"मॅडम, तुम्ही?"

समर्थ. कंग्राळीचा. तीन वर्षांपूर्वी तिच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा.

"लोकल आयडीवर खोली देत न्हाय आम्ही," तो खालच्या आवाजात म्हणाला. "रूल हाय. गावातली माणसं येतात, मागनं लफडी व्हतात. म्हणजे, तुमचं तसं न्हाय म्हणतोय मी."

चिन्मयनं मोबाइलवरचं कार्ड पुढं केलं. समर्थनं मॅनेजरला फोन लावला, दोन मिनिटं कन्नडमधून बोलला आणि मान हलवली. मेंबर असल्यामुळं चालत होतं.

"मॅडमचं पण नाव घालू?"

"मॅडमच राहणार आहेत," चिन्मय म्हणाला. "मी जाणार."

समर्थचं बोट कीबोर्डवर थांबलं.

"घरात पाहुणे आल्यात काय, मॅडम?"

"नाही. मी झोपायला आलेय."

"बरं," समर्थ म्हणाला. कुठं बघावं ते त्याला कळलं नाही, म्हणून त्यानं चावीचं कार्ड दोनदा पुसलं.

खोली चौथ्या मजल्यावर होती. चिन्मयनं पडदा सरकवून बघितला, फळांच्या बशीचा फोटो काढला आणि मिळणाऱ्या गोष्टी एकेक करून सांगितल्या: मोठी खोली, नाश्ता फुकट, खोली सोडायची वेळ बाराऐवजी चार. पलंगाच्या कडेला बसून निवेदिता ऐकत होती. गादी तिच्या वजनानं हळू हळू दबत होती.

"नाश्ता साडेदहापर्यंत असतो," तो म्हणाला. "डोसा समोर करून देतात. चुकवू नकोस."

"बरं."

दारापाशी तो थांबला. "रात्री किती वेळा उठावं लागतं?"

निवेदितानं त्याच्याकडं बघितलं.

"तीनदा. कधी चारदा."

तो गेल्यावर तिनं चपला काढल्या आणि साडी न बदलता आडवी झाली.

सहा वीसला फोन वाजला.

"आईची निळी चादर कुठं आहे?"

"कपाटात, खालच्या कप्प्यात. आधी रबरी शीट घाल."

"नाही घातलं तर?"

"तर तुला कळेल."

पावणेआठला परत.

"भात किती मऊ लागतो?"

"बोटानं दाबला की त्याची पेज झाली पाहिजे. चिन्मय, आता मी फोन बंद करतेय."

"अगं, काही झालं तर?"

"डॉक्टरांचा नंबर फ्रिजवर लिहिलाय. माझा पण आहे, पण तो आज लावायचा नाही."

साडेबाराला, तीनला आणि पाचला तिचे डोळे आपोआप उघडले. कोणी हाक मारलेली नाही हे कळायला दर वेळी थोडा वेळ लागला. पाचनंतर मात्र शरीरानं ते मान्य केलं. ती उठली तेव्हा दुपारचे पावणेबारा झाले होते. नाश्ता केव्हाच संपला होता. तिनं बशीतलं सफरचंद खाल्लं, गरम पाण्यानं अंघोळ केली आणि चारला दहा मिनिटं असेपर्यंत पुन्हा झोपली.

रिक्षानं ती घरी आली तेव्हा चिन्मय स्वयंपाकघरात स्टुलावर बसला होता. दाढी वाढलेली, ओट्यावर उतू गेलेला चहा, आणि बाल्कनीत तीन चादरी वाळत. आईंच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं.

"आत्ताच डोळा लागलाय तिचा," तो म्हणाला. "रात्री चारदा उठली."

"हं."

"तीनला उठली ती पाचपर्यंत जागीच. मला बाबा समजली. कोर्टात काय झालं म्हणून विचारत राहिली." बाबा वकील होते, त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

"मग काय सांगितलंस?"

"तारीख पडली म्हणालो."

"झोपल्या?"

"लगेच. सवय असणार तेवढी." तो हसला नाही. "रोज असतं असं?"

"रोज बाबा नसतात. कधी मी त्यांची नणंद असते. ते जास्त अवघड जातं."

निवेदितानं ओटा पुसला, चहा नव्यानं ठेवला. चिन्मय तिच्या हातांकडं बघत होता.

"रात्रीची बाई बघू या," तो म्हणाला.

"तीन बघितल्या. एक आठ दिवस राहिली. दुसरी रात्रभर फोनवर बोलायची. तिसरी आलीच नाही." तिनं दोन कप काढले. "तुझ्याकडं पॉइंट किती आहेत रे?"

"दोन लाख चौऱ्याऐंशी हजार." आकडा त्याला तोंडपाठ होता. "ते बालीला ठेवलेत. लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला. पाच रात्री, पाचवी फुकट. समुद्राकडची खोली."

"आईंना कुठं ठेवून?"

विमानं, व्हिसा, पाऊस नसलेला आठवडा, सगळं त्यानं शोधून ठेवलं होतं. एवढंच शोधलं नव्हतं.

"या इथल्या हॉटेलात एका रात्रीला किती पॉइंट लागतात?" तिनं विचारलं.

"साडेसात हजार. पण इथं वापरणं म्हणजे पॉइंट मातीत घालणं आहे गं. चार हजारांची खोली ती. बालीत त्याच पॉइंटांची किंमत दुप्पट होते. सहा वर्षं जमवलेत मी."

"सदतीस रात्री होतात," निवेदिता म्हणाली. हिशेब शिकवण्यातच तिची वीस वर्षं गेली होती. "दर शनिवारी एक. गणपतीपर्यंत पुरतात."

"शनिवारी तर मी घरी येतो."

"हो."

शनिवारची रात्र आईपाशी त्यानं काढायची होती. वाक्य पुरं करायची त्याला गरज उरली नव्हती. चहाला उकळी आली, तिनं तो गाळला आणि एक कप त्याच्यापुढं ठेवला. दुसरा घेऊन ती समोर बसली.

"तुझ्या नावानं काढलं तर प्लॅटिनमचं काही मिळणार नाही," तो म्हणाला. "नाश्ता नाही. खोली बाराला सोडावी लागेल."

"बारा पुष्कळ झाले."

"त्यापेक्षा मी पैसे भरून घेतो की एखादी रात्र. महिन्यातनं एकदा."

"एखादी रात्र नको मला. पुढची कधी ते ठाऊक असलं, की मधले सहा दिवस निघतात." कालची झोप अंगात होती, पण ती सव्वा वर्षाच्या थकव्यावरची नुसती फुंकर होती. उद्या सकाळपर्यंत उडून जाणार होती.

चिन्मयनं खिशातून मोबाइल काढला. सहा जानेवारी, पुढचा शनिवार. एक रात्र. पॉइंट वापरायचे का? त्यानं चहाचा घोट घेतला आणि हो म्हटलं. पाहुण्याच्या नावाच्या रकान्यात आपोआप त्याचं नाव आलं होतं. ते त्यानं एकेक अक्षर मागं घेत खोडलं आणि तिचं लिहिलं.

"फोन नंबर?" त्यानं विचारलं. "तुझा घालू?"

"तुझाच घाल. त्यांना काही विचारायचं असलं तर तुला विचारू देत."

त्यानं स्वतःचा घातला आणि बुकिंग पक्कं केलं. आतल्या खोलीतून आईंची हाक आली. कुणाला मारली ते कळण्यासारखी नव्हती. दोघंही उठले. मग निवेदिता पुन्हा बसली. चिन्मय आत गेला.