निजवलेले आरसे

फुलसावंगीजवळच्या बंजारा तांड्यात शिवणकामात मानीबाईचा हात धरणारं कोणी नव्हतं. लग्नाचा आरसेवाला घागरा शिवायचा तर तिच्याकडूनच. अन् नशीब पाहा, त्याच बाईची पोरगी राखी कापडावर आरसे उलटे टाकायची! चकाकती बाजू खाली, लाल पाठ वर. चौदा वर्षांची पोर, बोलणं मोजकं. कोणी डोळ्यांत पाहिलं की मान फिरवायची. मानीबाई दटावायची, "अवं, असे नाही, सुलटे लाव!" राखी मुकाट्यानं पुन्हा उलटाच लावायची.

शाळेतल्या रंजिता मॅडम मात्र ते कापड पाहून हरखल्या. "यवतमाळला राखीसारख्या मुलांच्या कलेचं प्रदर्शन आहे. हे तिथं लावायचंच. तुम्ही दोघी घेऊन या."

मानीबाईची छाती फुगली, अन् मागोमाग धास्तीही बसली. उलटे आरसे, अन् तेही यवतमाळच्या लोकांसमोर? पोरीला येडी म्हणतातच, आता आईच्या नावानंही शिमगा करतील. राखी शाळेत गेली की बाई दार लोटून बसायची. टाके उसवून एकेक आरसा तिनं सुलटा केला अन् कापड राखीच्या नजरेआड पेटीत ठेवलं. आपण पोरीची लाज राखून राह्यलो, असंच तिला वाटत होतं. लाज कोणाची, हे तिनं स्वतःला विचारलंच नाही.

हॉलमधल्या दिव्यांखाली कापड असं लखलखलं की पाहुणे आधी तिथंच थांबले. मोबाइल निघाले. राखी पुढं आली, तर आरशाआरशात डोळेच डोळे. पाहुण्यांचे, फोटोवाल्यांचे, तिचे स्वतःचे. दोन्ही हातांनी तोंड झाकून ती जी किंचाळली, बाप्पा रे बाप्पा!

"पाहा, पोरीला किती आनंद झाला," पाहुणे म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मेल्यांना रडणं अन् हसणंही वेगळं कळत नाही!

रंजिता मॅडम धावत आल्या. कापड पाहून त्यांचा चेहरा उतरला. "मानीबाई, हे कोणी केलं?"

"म्याच केलं. तिचं चुकलं होतं नं, मॅडम."

"चुकलं नव्हतं हो! मी विचारलं होतं तिला. म्हणाली, आरसे निजवले, आता ते कोणाकडं पाहत नाहीत. त्यासाठीच तर निवडलं होतं."

 मानीबाईनं पोरीला जन्मभर दटावलं. काहून, म्हणून एकदाही विचारलं नव्हतं. अन् वर त्याच कापडाला पहिलं बक्षीस! सुबक कामासाठी म्हणे.

घरी येऊन तिनं सगळे आरसे पुन्हा उलटे लावले. बोटं सोलून निघाली. कापड अन् सुईदोरा राखीपुढं ठेवून म्हणाली, "घे माय, निजवले पाह्य सारे. आता तू शिव."

राखीनं सुई उचलली. मानीबाईचा जीव भांड्यात पडला. पण पोरीनं ती सुई आईच्याच हातात ठेवली अन् तिची बोटं एकेक करून सुईवर मिटवली.

"याडी," राखीनं आईला हाक मारली, "हे तुयं हाय." अन् ती भिंतीकडं तोंड करून बसली.

तेव्हापासून तिनं सुई धरली नाही. पेपरातला त्या कापडाचा फोटो पाहायला तांड्यातल्या बाया अजून येतात. "पोरीनं आईचीच कला उचलली वं," म्हणतात, अन् मानीबाई त्यांच्यासाठी चहा ठेवते.