ईमेल नसलेला लेखक

तत्त्वाचा माज काय असतो, ते मला विचारा.

आमच्या कॉलेजची शोधपत्रिका आम्ही फुकटच्या प्रणालीवर चालवतो. फुकटची म्हणजे टाकाऊ नव्हे. जगभरचे ग्रंथपाल, प्राध्यापक, प्रोग्रामर मिळून ती घडवतात आणि तिचा कोड कुणालाही उघडून दुरुस्त करता येतो. कुडव्यातल्या घरी बसून दुरुस्त्या करणारा मीही त्यातलाच एक.

झामसिंग कोहमाऱ्याकडचा, जंगलात मजुरी करणारा. त्रेसष्ट रानभाज्या त्यानं मला पानापानानं ओळखायला शिकवल्या. म्हणून त्या भाज्यांवरच्या माझ्या लेखावर त्याचं नाव माझ्याआधी घातलं. प्रणाली अडून बसली: प्रत्येक लेखकाचा ईमेल हवाच.

"ईमेल कायले पायजे जी? मी तं इथंच राहतो," झामसिंग म्हणाला.

"सर, त्याच्या नावानं एक ईमेल उघडून टाकू. दो मिनट का काम है," माझी सहसंपादक रुची म्हणाली. मी तिच्यावरच उखडलो. ईमेल नाही तो लेखक नाही, हा नियमच चूक; तोच बदलायचा. मी लेख रोखला, कोड लिहून प्रणाली घडवणाऱ्या मंडळींकडे पाठवला. माणसं चांगली, पण सगळी नोकरी सांभाळून बघणारी. कुणी चाचण्या मागितल्या, कुणी म्हणालं पुढच्या आवृत्तीत घेऊ. चौदा महिने गेले.

झामसिंग बाजाराला आला की कॉलेजात डोकवायचा. "सर, नाव आलं का?"

"येऊन राहिलं," मी म्हणायचो.

पुढं पुढं तो खोकायला लागला. एकदा म्हणाला, "बिना नावाचंच छापा न जी. धनवंताले पान तं दाखवीन." धनवंता त्याची बायको. मी त्याला तत्त्व समजावलं. त्यानं मान हलवली.

नवी आवृत्ती मागच्या सोमवारी आली. माझा कोड घेतला होता, अभिनंदनही झालं. झामसिंगचं नाव भरून ईमेलचा रकाना रिकामा सोडला, तर प्रणालीनं निमूट पुढं जाऊ दिलं. खाली आणखी एक नवा रकाना होता: लेखक हयात नाही.

झामसिंग पोळ्याच्या आदल्या दिवशीच गेला होता. वरातीमागून घोडं म्हणतात ते हे. मला माझीच लाज वाटली. मी तिथं खूण केली, तशी प्रणालीनं त्याच्या नावाला नियमाप्रमाणे दिवंगत लेखकाची बारीकशी फुली जोडली.

पान छापून धनवंताकडे नेलं, नाव बोटानं दाखवलं.

"नावाले फुली काऊन मारली जी?" तिनं विचारलं. "त्याचं काही चुकलं का?"