एका बोटाने लागणारे दार

मित्रांनो, मी एक जुने लोखंडी कपाट आहे, आणि हे मी मान खाली घालून सांगत नाही. अंधेरीहून निघालेली बस जिथे समुद्राचा वास येताच वळून माघारी फिरते, त्या वेसाव्याच्या कोळीवाड्यात एका घराच्या माजघरात मी सदतीस वर्षे उभे आहे. गेल्या श्रावणात मला भंगारात काढायचे ठरले होते. वारही ठरला होता, रविवार. मी गेले नाही. का गेले नाही, ते क्रमाने सांगते.

माझा जन्म साकीनाक्याच्या एका लहान कारखान्यात झाला. दादू मिस्त्रींनी वीस गेजचा पत्रा कापला, वाकवला, जोडला, तेजाबात धुतला आणि त्यावर आधी तांबडा, मग करडा रंग चढवला. उंची साडेसहा फूट, रुंदी तीन फूट, आत चार फळ्या आणि एक चोरकप्पा. मूठ फिरवली की तीन कांड्या एकाच वेळी वर, खाली आणि बाजूला सरकतात आणि दार मिटते. रंग वाळल्यावर मिस्त्रींनी फितीने माझे दोन्ही कर्ण मोजले, म्हणजे एका कोपऱ्यापासून समोरच्या तिरक्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर. दोन्ही सारखे भरले. मला न्यायला आलेल्या बाईंना ते म्हणाले, "चौकट कोनात आहे तोवर याला मरण नाही."

त्या बाई म्हणजे कृष्णाबाई. तेव्हा त्या तिशीच्या होत्या आणि मासळी बाजारात बसत. आज सदुसष्ट वर्षांच्या आहेत आणि अजूनही बसतात. पहिली काही वर्षे माझा मोठा मान होता. एका पावसाळ्यात गल्लीत पाणी शिरले, तेव्हा पाच घरांचे दागिने माझ्या चोरकप्प्यात येऊन बसले. एकीचाही मणी हरवला नाही. शेजारणी दारावर थाप मारून म्हणत की घरातला खरा पुरुष हाच. कृष्णाबाईंचे यजमान तेव्हा खाटेवर बसून हसत.

मग साड्या आल्या.

आमच्या कोळीवाड्यात लग्न निघाले की हळदीला भावकीतल्या साऱ्या बायका एकसारखी साडी नेसतात. रंग लग्नघरी ठरतो, साड्या एकाच गठ्ठ्यातून येतात. अख्खी गल्ली एक दिवस पोपटी होते, दुसऱ्या लग्नाला मोरपंखी, तिसऱ्याला आमसुली. तो दिवस सरला की त्या साडीला काम उरत नाही. दुसऱ्याच्या हळदीला ती चालत नाही. बाजारात नेसावी तर मासळीच्या पाण्यात तिची दैना होते. जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बाईला द्यावी, तर उद्या ती कोणा परक्या बाईच्या अंगावर दिसायची आणि लग्नघर रुसायचे. म्हणून ती घडी होऊन माझ्याकडे येते. अशा एकसष्ट साड्या माझ्या उजव्या बाजूला दाटल्या होत्या. एकही दुसऱ्यांदा नेसलेली नव्हती.

सहा वर्षांपूर्वी माझे दार अडू लागले. कृष्णाबाईंचा मुलगा प्रज्योत बोटीवर असतो आणि इंजिनाचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखतो. पण माझ्याबाबतीत त्याने घाई केली. कांडी भोकात जात नाही असे पाहून त्याने भोक कानशीने मोठे केले. सहा महिन्यांनी पुन्हा केले, पुढच्या वर्षी तिसऱ्यांदा. कानशीने रंग गेला, उघड्या पत्र्यावर खारी हवा बसली आणि गंज धरला. पुढे दार लावायला खांदा लागू लागला. शेवटी त्याने जाळ्याच्या हिरव्या दोरीने माझी मूठ शेजारच्या खुंटीला बांधून टाकली. ज्याच्या भरवशावर पाच घरे एका पुरात निश्चिंत झोपली, ते कपाट आता दोरीने बांधलेले होते. मला त्याची लाज वाटली नाही. राग आला.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे नवा हंगाम सुरू होतो. त्याआधी घरे धुतात, रंगवतात. प्रज्योतची बायको रोशनी मोबाइलवर घर आवरण्याचे धडे पाहत होती. वर्षभरात जे अंगाला लागले नाही ते घराबाहेर, हा तिचा नियम. तो वाईट नव्हता. पण आवरण्याची सुरुवात तिने माझ्यापासून केली. सरकत्या दारांचे नवे कपाट आणायचे, ते निम्म्या जागेत बसते, आणि हे जुने रविवारी भंगारवाल्याला द्यायचे, असे तिने नवऱ्याशी ठरवूनही टाकले.

प्रज्योत आईला म्हणाला, "आये, दार लागत नाही त्याचं. किती वर्षं बांधून ठेवायचं?"

कृष्णाबाई म्हणाल्या, "कपाट पण राहील आणि साड्या पण. तुमाला नको तर तुमी जा."

मित्रांनो, सगळ्यांना वाटले की त्या माझी बाजू घेत आहेत. मला मात्र त्या क्षणी त्यांचाही राग आला. मला मारत होते ते रोशनीचे नवे कपाट नव्हे, त्या एकसष्ट साड्या होत्या. पण हे सांगायला मला तोंड नव्हते.

ते सांगितले त्यांच्या नातीने. निशा तंत्रनिकेतनात यंत्र शाखेच्या दुसऱ्या वर्षाला आहे. शुक्रवारी तिने जाळ्याचे शिसे दोऱ्याला बांधून त्याचा ओळंबा केला आणि माझ्या कडेला सोडला. दोरा वर टेकला आणि खाली दोन बोटे दूर राहिला. मग तिने दादू मिस्त्रींसारखेच माझे कर्ण मोजले. अर्ध्या इंचाचा फरक निघाला. तिने बापाला बोलावून दाखवले की सगळे ओझे उजवीकडे असल्याने त्या पायाखालची लादी खचली आहे, चौकट तिरकी झाली आहे आणि दार तसेच सरळ आहे.

"पप्पा, खोट दारात नाही," ती म्हणाली. "तुम्ही भोक घासत बसलात आणि कपाट खाली बसत गेलं."

प्रज्योतने हातातली कानस खाली ठेवली. इंजिनवाल्याला पोरीने शिकवले म्हणून रोशनी हसली.

निशा आजीकडे वळली. "आजी, लादी मी उद्या सारखी करते. पण ओझं तेच ठेवलंस तर वर्षात परत खचेल. तुला कपाट हवं की साड्या? दोन्ही नाही मिळणार."

कृष्णाबाई टोपली उचलून बाजारात गेल्या. त्या दुपारी त्यांनी सुक्या मासळीचा एकही भाव धड सांगितला नाही, असे शेजारी बसणारी त्यांची चुलतजाऊ कमल नंतर सांगत होती.

शनिवारी सकाळी लख्ख ऊन पडले. कृष्णाबाईंनी दोरी सोडली आणि माझ्या पोटातले सारे बाहेर काढले. मला रिकामे करून चौघांनी ओट्यावर आणले. सदतीस वर्षांत मी प्रथमच समुद्र पाहिला. समोर बोंबील सुकवायला बांबू रोवून बांधलेल्या दोऱ्या होत्या. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून दोऱ्या रिकाम्या. कृष्णाबाईंनी त्यांवर एकसष्ट साड्या एकेक करून पसरल्या. साऱ्या कोळीवाड्याची लग्ने वाऱ्यावर फडफडू लागली.

बायका जमल्या. कोणी विचारले, दुकान टाकलेस काय. कोणी आपल्या लग्नाचा रंग ओळखून लाजली. कमल मात्र तरातरा आली.

"कृष्णे, माझ्या सौरभच्या हळदीची साडी तू बोंबलाच्या दोरीवर टांगलीस?"

"तुझ्या सौरभला दोन पोरं झाली," कृष्णाबाई म्हणाल्या. "साडी अजून हळदीतच बसलीय."

"म्हणजे तुला आमच्या हळदीची किंमत नाय."

"सारी रात नाचले मी त्या हळदीला, गुडघा अजून दुखतो. ती आठवण ठेवायचं काम माझं हाय, कमल. कपाटाचं नाय."

कमल आली तशी तरातरा निघून गेली. कृष्णाबाईंचा हात साडीच्या काठावर थांबला. मला वाटले, आता त्या सगळे गोळा करून पुन्हा माझ्यात कोंबतील. चाळीस वर्षे शेजारी बसलेली बाई रुसली, तर बाजारातला दिवस कसा जातो हे त्यांना ठाऊक होते. त्यांनी हात काढून घेतला आणि साडी तशीच राहू दिली.

तासाभराने कमल परतली. डोक्यावर गाठोडे होते. "माझ्या कपाटाचं पण दार लागत नाय," एवढेच म्हणून तिने ते खाली टाकले.

संध्याकाळपर्यंत नऊ घरांतून गाठोडी आली. मग एक गोष्ट दिसली, जी कोणाच्या ध्यानात नव्हती. प्रत्येक घरात प्रत्येक रंगाची एकच साडी होती. घरे एकत्र येताच त्यांचे पुन्हा संच झाले. पोपटी नऊ, मोरपंखी सात, आमसुली आठ. नाक्यावरच्या शाळेत मुलींचे लेझीम पथक एकसारख्या साड्यांवाचून अडले होते, हे रोशनीला ठाऊक होते. साड्या तिकडे गेल्या. कृष्णाबाईंनी चार ठेवल्या. कोणत्या, ते मी सांगणार नाही. कपाटालाही तेवढी अब्रू असते.

निशाने लादीखाली वाळू ठासली, माझा गंज घासला, त्यावर तांबड्या रंगाचा हात दिला. कर्ण पुन्हा मोजले. सारखे भरले.

रविवारी भंगारवाला आला. त्याने बोटांनी माझ्या पत्र्यावर टकटक केले. कृष्णाबाईंनी त्याच्यादेखत दार उघडले आणि एका बोटाने ढकलले. मूठ फिरवली. तिन्ही कांड्या जागी बसल्या.

"मावशी, हा तर चालू माल आहे," तो म्हणाला. "भंगार कुठाय?"

कृष्णाबाईंनी खुंटीवरची हिरवी दोरी काढली आणि त्याच्या हातात दिली. "ही घेऊन जा."

मित्रांनो, आता माझी एक फळी रिकामी असते. रोशनीने तिथे चादरी ठेवू का म्हणून विचारले, कृष्णाबाई नाही म्हणाल्या. त्या फळीवर काही नाही, आणि ते तसेच राहणार आहे. मला पुसा, बिजागऱ्यांना तेल द्या, हे मी सांगायला नको. ते तुमचे कामच आहे. मी जपणुकीची भीक मागत नाही. एवढेच बजावते, की ज्या दिवशी तुमच्या घरातले दार लावायला खांदा लागेल, त्या दिवशी कानस उचलू नका आणि भंगारवाल्यालाही बोलावू नका. आधी आत पाहा, तुम्ही काय कोंबले आहे. आम्ही लोखंडाची असतो. वाकतो ते तुमच्या ओझ्याने, आणि ते उतरवलेत की आम्ही पुन्हा सरळ उभी राहतो. राहून दाखवले आहे.