दुभाष्याची प्रार्थना

चनबसप्पाने सोलापूरच्या कोर्टात हयातभर दुभाष्याचं काम केलं. अक्कलकोटकडचा साक्षीदार कन्नडमध्ये जे बोलेल, ते याने साहेबांपुढे मराठीत मांडायचं. पदरचं घालायचं नाही आणि पोटात ठेवायचं नाही. देव मात्र त्याने कधी मानला नाही. 'पाहिलेलं सांगा, ऐकीव नको' हा कोर्टाचा नियम त्याने देवालाही लावला होता.

त्याचा जिवलग शांतवन रणभिसे त्याच कोर्टात बेलीफ. पक्का ख्रिस्ती. दुपारी दोघे एका बाकावर डबा सोडायचे आणि शांतवन डोळे मिटायचा. त्याची प्रार्थना मारुतीच्या शेपटासारखी लांबायची.

"आटप बे, आमटी गार झाली," चनबसप्पा कुरकुरायचा. "भाकरी वहिनींनी थापली, ज्वारी शेतकऱ्यानं पिकवली. त्यांचे उपकार मान की. मधेच हा वरचा कोण?"

"त्यांचे मानतोच. पण सकाळी जाग आली, त्याचे कुणाला सांगू? तुला?"

"कुणालाच न्हाय. निस्तं बरं वाटून घ्यायचं."

"बरं वाटलं की सांगावंसं वाटतं, चन्नू. सांगायला समोर कुणीतरी लागतं की."

"म्हणून समोर कुणाला बी उभा करायचा? खोटा साक्षीदार झाला की त्यो!"

यावर दोघे हसायचे आणि जेवायचे. निवृत्तीनंतर शुक्रवार पेठेत शांतवनच्या घरी दर गुरुवारी हेच चालू राहिलं.

मग शांतवनला अर्धांगाचा झटका आला. जीव वाचला, पण उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. कळायचं सगळं, शब्द तेवढा फुटेना. गिळता येत असूनही तो जेवेना. बायकोने, शालनने, प्रार्थना केली. चर्चचे पाळकसाहेब येऊन करून गेले. शांतवन मान खाली घालायचा, ओठ हलवायचा आणि ताट सरकवून द्यायचा. असंच चाललं तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

त्या गुरुवारी चनबसप्पा समोर बसला. आमटीत कुस्करलेली भाकरी ताटात होती. शांतवनचे ओठ हलले, अडकले. डोळ्यांत पाणी आलं आणि डावा हात ताट सारायला पुढे झाला. चनबसप्पाला उमगलं, की शांतवनला आपलीच प्रार्थना म्हणायची आहे आणि तीच त्याला म्हणता येत नाही. ती दुसऱ्या कुणाला येत असेल, तर फक्त चनबसप्पाला. इतकी वर्षं कुरकुरत ऐकून ती त्याला तोंडपाठ झाली होती. पण त्याने ती म्हणायची म्हणजे खोटं बोलायचं, आणि खोटी प्रार्थना शांतवनने ऐकून घेतली नसती.

त्याने ताट धरून ठेवलं आणि कोर्टात राहायचा तसा उभा राहिला.

"देवा, तू असशील असं मला वाटत न्हाय. हे बोलणं माझं नव्हं, शांतवनचं हाय. मी निस्ता दुभाष्या." शालनने पदर तोंडाला लावला. "शांतवन म्हणतो, आज जाग आली त्याबद्दल तुझे उपकार. भाकरीबद्दल, ती थापणाऱ्या हातांबद्दल तुझे उपकार. ज्याची चूल पेटली न्हाय, त्याला आमच्या आधी वाढ. येशूच्या नावानं..."

ठक! शांतवनची डावी मूठ टेबलावर आपटली. तो टक लावून पाहत होता. चनबसप्पा ओशाळला. साक्षीतलं एक वाक्य त्याने गाळलं होतं, आयुष्यात पहिल्यांदाच.

"म्हणतो की..." त्याने नजर ताटाकडे वळवली. "ह्या चन्नूबद्दल तुझे लई उपकार. त्यो तुला मानत न्हाय, पण मला सोडत न्हाय. त्याला सांभाळ. येशूच्या नावानं मागतो."

आणि तो थांबला.

"पुढचं, भाऊजी?" शालन कुजबुजली.

"पुढं सही असती, वहिनी. साक्षीदाराची सही दुभाष्याला करता येत न्हाय. कर बे, शांतवन."

शांतवनचा चेहरा वेडावाकडा झाला. "आ..." कपाळावर घाम आला. "आ... मेन."

शब्द बोबडा होता, पण पुरा होता. शालन रडत रडत हसली. चनबसप्पाने घास भरवला. शांतवनने तो गिळून पुढच्यासाठी तोंड उघडलं.

चनबसप्पाला इतकं बरं वाटलं, की नुसतं वाटून घेऊन भागेना. कुणालातरी सांगायलाच हवं होतं. समोर मिशीला आमटी लागलेला शांतवन होता.

"तुझे उपकार बे," तो म्हणाला.

शांतवनने डाव्या हाताचं बोट वर केलं.

"गप जेव," चनबसप्पा डोळे पुसत म्हणाला. "आमटी गार व्हायलीय."