उभ्याने पेरायचा वाफा

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर माझ्या बायकोला, कमळला जमिनीवर बसता येईना. दर अक्षय तृतीयेला ती अंगणात आळी करून काकडीचं आणि शिराळ्याचं बी लावते. मुरबाडकडच्या माहेराहून आणलेलं बी. यंदा फळीवरची पुरचुंडी तिने खाली काढलीच नाही.

मी शहापूरच्या वाचनालयात जन्म काढलेला माणूस, फावडं कधी धरलं नाही. तरी वाटलं, तिला खाली बसता येत नसेल तर जमीनच वर आणावी. गवंड्याकडून कमरेला लागेल असा विटांचा वाफा बांधून घेतला. आठ फूट लांब, चार रुंद, अडीच उंच. गुणाकार पुन्हा पुन्हा केला, माती ऐंशी घनफूटच येई. शेजारच्या जयरामला तेवढी सांगितली. सणाच्या आदल्या दिवशी त्याने शेतातली माती शेणखत मिसळून ट्रॉलीने आणली.

वाफा काठोकाठ भरला, तरी अंगणात ढीग उरलाच.

"अण्णा, मोजलं कुठून?" जयरामने विचारलं.

"बाहेरून," म्हणालो, आणि तेव्हाच लक्षात आलं. विटांची जाडीही मी मातीतच धरली होती.

"म्हंजे भिंतीत पण माती भरायची व्हती तुमाला." तो हसला. "ऱ्हाऊ द्या. उद्या नेतो परत."

मला वर बघवेना. संध्याकाळी कमळने वाफ्यावर पाईप सोडून ठेवला.

सकाळी माती जवळजवळ वीतभर खाली बसली होती. कमळने काठावरून हात घातला, वाकली आणि कळवळून मागे झाली.

"नाय जमायचं, अहो."

तेवढ्यात जयराम ट्रॉली घेऊन आला. त्याने वाफा पाहिला, ढीग पाहिला, आणि घमेलं उचललं. मीही एक उचललं. माती टाकली, पाणी मारलं, पुन्हा टाकली. वाफा काठाला लागला तेव्हा अंगणात झाडण्यापुरती माती उरली होती.

"अण्णा, फुडच्या टायमाला पण बाहेरूनच मोजा," जयराम म्हणाला.

बरोबर मोजलं असतं तर आज कमी पडली असती. आभार कोणाचे मानावेत ते सुचेना, म्हणून मी जयरामला चहाला थांबवलं.

"फळीवरची पुरचुंडी द्या," कमळ म्हणाली. उभ्यानेच तिने बी लावलं. शेवटचं माझ्या तळहातावर ठेवलं.

"किती खोल?" मी विचारलं.

"बोटाच्या पेराएवढं. गुणाकार नको."