सोनुबाईची साक्ष

चंद्राबाई केळ्यांची फणी घेऊन दारात उभी राहिली तेव्हाच सोनुबाईने ओळखलं, बया आज गरजेपोटी आलीय. भिंतीला भिंत लागून घर, पण तीस वर्षांत हिने कधी मिठाचा खडा दिला नव्हता आणि आज एकदम केळी!

"सोने, उद्या पंचायतीत येशील का गं?" चंद्राबाई पायरीवरच टेकली. "पासष्टीच्या वरच्यांना घरपट्टी माफ करतायत. माझ्या कार्डावर अठ्ठावन्नच लागलंय. माझ्याहून मोठ्या माणसानं सांगाय पायजे, का मी सत्तरीची हाय. तुझ्याबिगर गावात उरलंय कोण?"

अठ्ठावन्न! सोनुबाईला हसूच फुटत होतं. ते कसं लागलं ते तिच्याइतकं कुणाला ठाऊक? साजगावच्या कारखान्यात पॅकिंगला बायका घेत होते, पस्तिशीच्या आतल्या. दोघी चाळिशी गाठलेल्या, तरी दोघीही गेटावर गेल्या. चंद्राबाईने बिनधास्त अठ्ठावीस सांगितलं. सोनुबाईनेही तीस सांगितलं. जागा उरली होती एकच. तर ही भवानी सुपरवायझरला म्हणते कशी, "साहेब, ही खोटं बोलतेय, चाळिशी ओलांडलीय हिनं." झालं! चंद्राबाई आत गेली आणि सोनुबाई बाहेर राहिली. तिने कारखान्याच्या पगारावर स्लॅबचं घर बांधलं. सोनुबाईने लोकांच्या शेतात वाकून लावणी केली, वीटभट्टीवर विटा वाहिल्या आणि अजून पत्र्याखालीच राहते. तेव्हाचं ते खोटं वय पुढे सगळ्या कागदांवर चढत गेलं आणि आता म्हातारीला नडलं. बरं झालं, मेलीला नडलं ते!

"माफी नाय मिळाली तर माझा मनोज घर विकणार," चंद्राबाई सांगत होती. "म्हणतो, पट्टी भरायची ऐपत नाय तर चल रसायनीला. त्याच्या दोन खोल्यांत सुनेची बोलणी खात मला नाय मरायचं गं. माझ्या घामाचं घर हाय. इथंच जाऊ दे मला."

"येईन की," सोनुबाई गोड आवाजात म्हणाली.

"आणि ते गेटावरचं... चुकलं माझं, सोने."

"ते होय? ते मी कधीच विसरले."

केळी तिने ठेवून घेतली. चंद्राबाई गेल्यावर एक सोलून खाल्लंही. चांगलं गोड निघालं.

दुसऱ्या दिवशी पंचायतीच्या कचेरीत गर्दी होती. चंद्राबाई मनोजच्या मोटारसायकलवर मागे बसून आली. अंगावर इस्त्रीचं लुगडं, हातात कागदांची पिशवी. मनोज कुरकुरतच होता, "आये, लवकर आटप, माझा आजचा खाडा लागलाय." सोनुबाई चालत आली.

ग्रामसेवक प्रवीणने अर्ज पुढे ओढला. "हं, आजी, सांगा. या चंद्राबाईंचं वय काय असेल?"

सोनुबाईने चंद्राबाईकडे पाहिलं. केवढ्या आशेने बघत होती! असंच सोनुबाईही त्या दिवशी गेटावर बघत होती.

"माझं आता बहात्तर," सोनुबाई म्हणाली. "आमचं माहेर एकच, चौक गावाच्या वरच्या अंगाला. हिला मी कडेवर खेळवलीय. चौदा वर्सांनी धाकटी माझ्याहून. कार्डावर हाय तेच बरोबर."

"सोने!" चंद्राबाई किंचाळलीच. "अगं, काय बोलतेस? देवाला तरी भी!"

मनोज पुढे झाला आणि त्याने आपला शाळेचा दाखला टेबलावर आपटला. "हे बघा साहेब. माझं वय सेहेचाळीस. आई अठ्ठावन्नची असली तर मी काय तिच्या बाराव्या वर्षी झालो?"

लोक हसले. प्रवीणही हसला. "खरंच की हो! आजी, तुमचा काहीतरी घोळ होतोय. पोराचा दाखलाच लावून टाकू अर्जाला." त्याने टाचणी उचलली.

म्हणजे ही परत आत जाणार आणि आपण परत बाहेर! पुढचं बोलायचं तिने ठरवलं नव्हतं. सेहेचाळीस वर्षांपूर्वी तान्हं पोर पदराखाली घेऊन चंद्राबाई नवऱ्याबरोबर बाहेरगावाहून इथे राहायला आली, तेव्हा तिने सोनुबाईचा हात त्या पोराच्या डोक्यावर ठेवून तिला शपथ घातली होती. किती भांडणं झाली, झिंज्या उपटण्यापर्यंत पाळी आली, पण सोनुबाईने ती गोष्ट कधी तोंडाबाहेर काढली नाही. गेटावरच्या त्या दिवसानंतरसुद्धा नाही.

"मनोज हिचा नाय," ती म्हणाली. "हिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. ती बाळंतपणात गेली. हिनं नुसता वाढवलाय."

चंद्राबाईने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"आये?" मनोजने एकदाच विचारलं.

तिने मान खाली घातली.

मनोजने टेबलावरचा दाखला उचलला, नीट घडी घालून खिशात ठेवला. "हा माझा हाय," तो प्रवीणला म्हणाला. "ह्या बाईंच्या अर्जाला नका लावू." तो बाहेर गेला, गाडी सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो रसायनीच्या दिशेने निघूनही गेला.

प्रवीणने अर्जावर लाल पेनाने 'नामंजूर' लिहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

घरी जायचा रस्ता एकच. उन्हात दोघी म्हाताऱ्या चालत निघाल्या, सोनुबाई पुढे, चंद्राबाई दहा पावलं मागे. ओढ्यावरच्या मोरीपाशी चंद्राबाईला पुढे चालवेना. ती कठड्यावर बसली, कागदांची पिशवी मांडीवर घेऊन.

"सोने," तिने हाक मारली, "निवलं का गं तुझं पोट?"

सोनुबाई थांबली. तिने खरंच पोटावर हात ठेवून पाहिला.

"अजून नाय," ती म्हणाली आणि चालू लागली.