कुंताच्या वेलाचं खरबूज

मुलांनो, जरा डोळे मिटा. तुम्ही मालन आहात असं समजा. वय नऊ वर्षं, गाव आंधळगाव, साल एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. घरामागं तुमची सांदवाडी आहे, म्हणजे भाजीपाल्यापुरती छोटी परसबाग. काट्यांच्या कुंपणापलीकडं काकांची सांदवाडी. काकांची कुंता तुमच्याच वयाची. आता कुंपणातून पाहा. कुंताच्या वेलाला खरबूज लागलं आहे, आणि तुमच्या वेलाला नुसती पानं.

कसं वाटतं? मालनला अगदी तसंच वाटत होतं.

त्यात बिया तिच्या मामाच्या. पवनीचे श्यामरावमामा माघात आले, तेव्हा राखेत घोळून वाळवलेल्या खरबुजाच्या बिया खास भाचीसाठी घेऊन आले. कुंता शेजारीच उभी होती, म्हणून त्यांनी अर्ध्या तिच्या हातावर ठेवल्या. निघताना म्हणाले, वैशाखात येईन ते भाचीच्या हातचं खरबूज खायलाच. माझा मामा, माझ्या बिया आणि फळ मात्र तिच्या वेलाला, हे मालनला जेवताना आठवे, झोपताना आठवे.

तिनं आपल्या वेलाचे लाड काही कमी केले नव्हते. शेणखत घातलं, सकाळ-संध्याकाळ बादलीभर पाणी ओतलं. वेल माजला, पण फुलं गळून जात. खरबुजाला इतकं पाणी सोसत नाही, असं आईनं सांगून पाहिलं. पण सांगताना आईनं दाखला दिला कुंताचा. कुंता रेताड कोपऱ्यात बी टोचून मोकळी झाली होती, माती वाळली की तांब्याभर पाणी द्यायची. दाखला ऐकला आणि मालननं त्या संध्याकाळी मुद्दाम दोन बादल्या ओतल्या.

आमच्याकडं कोवळ्या फळाला सरळ बोट दाखवत नाहीत. बोट दाखवलं की फळ सडतं, म्हणतात. काकडी दाखवायची झाली तरी पोरं बोट मुडपून दाखवतात. मालननं काय करावं? रोज सकाळी ती कुंपणाशी जाई, इकडंतिकडं बघे आणि काट्यांमधून खरबुजाला सरळ बोट दाखवी.

खरबूज मात्र वाढतच गेलं. त्याच्यावर जाळी उमटली, हिरवेपण जाऊन पिवळी झाक आली.

वैशाखात मामा आले. दुसऱ्या दिवशी सकाळी कुंता विहिरीवर गेलेली पाहून मालन कुंपणाच्या फटीतून पलीकडं शिरली. जवळून पाहते तर देठाभोवती गोल चीर पडलेली. लागलं बोट! ती मनात हसली. खात्री करायला तिनं फळाला हात लावला, तर ते अलगद तिच्या हातात आलं.

आणि वास आला. गोड, मधासारखा. सडक्या फळाला असा वास येत नाही, एवढं तिलाही कळलं. मुलांनो, खरबूज पुरतं पिकलं की देठ स्वतःच सोडतं. तिच्या बोटानं काहीच झालं नव्हतं.

आसपास कोणी नव्हतं. ती खरबूज पोटाशी धरून घरी आली. ओसरीवर बसलेल्या मामांनी ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि आईला हाक मारली.

"पाह्य वं बाई, माही भाची गुणाची निघाली."

 माघापासून मालनला जे ऐकायचं होतं, तेच कानांवर पडत होतं. आई मात्र नुसतीच तिच्याकडं बघत राहिली.

तेवढ्यात डोक्यावर पाण्यानं भरलेला गुंड, म्हणजे घडा, घेऊन कुंता अंगणातून चालली होती. मामांच्या हातातलं खरबूज पाहून ती थबकली. भांडली नाही, ओरडली नाही. मान वळवून तिनं आपल्या सांदवाडीकडं पाहिलं आणि मग मालनकडं. गुंडातलं पाणी हिंदकळून तिच्या गालावर ओघळलं, तेही तिनं पुसलं नाही.

"मामा," मालन म्हणाली, "हे कुंताचं होय. माह्या वेलाले काहीच नाही लागलं."

मग तिनं मामांच्या हातातून खरबूज काढून घेतलं, अंगणात उतरली, कुंताच्या डोक्यावरचा गुंड खाली उतरवला आणि खरबूज तिच्या हातात दिलं.